प्रेमाच्या मालिकेचा शेवट तुम्हाला कसा हवा होता? मराठवाड्यातल्या प्रेक्षकांनी लिहा

पूर्णाकाठ, परभणी

आपल्याकडं एखादी मालिका संपली की दुसऱ्या दिवशी गिरणीत, भिशीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न फिरतो, "असं कामून केलं असंल?" सासवा-सुनांची कारस्थानं लोक चार दिवसांत विसरतात. प्रेमाच्या गोष्टीचा शेवट बिघडला तर मात्र वर्षानुवर्षं विसरत नाहीत. हा धागा त्यासाठी काढलाय. मालिका कोणती, घरात कोण कोण बघत होतं, शेवट कसा हवा होता आणि तसाच का हवा होता, ते लिहा. मराठी, हिंदी, कोरियन, कोणतीही चालेल. आपल्या बोलीत लिहिलं तर आणखी चांगलं. फक्त कलाकारांना बोल लावू नका, त्यांच्या हातात कागद येतो तसं ते करतात.

माझी मालिका 'तुला पाहते रे'. १३ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाली आणि २० जुलै २०१९ ला संपली. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे चाळिशी ओलांडलेला, श्रीमंत. गायत्री दातारची ईशा विशीतली, साध्या घरातली. आमच्या घरात ही मालिका जीव लावून बघितली जायची, कारण माझ्या मावसबहिणीला असंच एका वयानं बऱ्याच मोठ्या माणसाला दिलेलं. हुंडा नको म्हणाला, लग्नाचा खर्चही त्यानंच केला. त्या वर्षी पाऊस नव्हता, मावशीकडं दुसरा इलाज नव्हता. त्यामुळं ईशाच्या आईबापाची घालमेल दाखवायचे तेव्हा माझी आई हातातलं काम ठेवून बघायची. पोरीचं खरंच प्रेम आहे का, तो माणूस कसा आहे, उद्या त्याचं वय झाल्यावर हिचं काय, हे प्रश्न आमच्या घरात आधी बोलून झालेले होते.

आणि मग कळलं, विक्रांत म्हणजे मुळात गजा पाटील, त्यानं पहिल्या बायकोला, राजनंदिनीला, मारलंय आणि ईशा हा तिचाच पुनर्जन्म आहे. इथं माझं मन उठलं. खलनायक निघाला याचं वाईट वाटलं नाही. असे लोक असतात. पण पुनर्जन्म आणल्यावर ईशाला स्वतःचं डोकं चालवायची गरजच राहिली नाही, मागच्या जन्मातलं आठवलं की झालं. मला हवं होतं की त्याच्याच ऑफिसातल्या फायली वाचता वाचता, जमाखर्च बघता बघता तिला तो माणूस कळावा. शेवटी विक्रांत जिवानिशी जातो. मला तो जिवंत हवा होता. ईशा स्वतःच्या पायांनी त्या बंगल्यातून बाहेर पडतेय आणि तो बघतोय, इतकंच पुरलं असतं.

आता तुम्ही लिहा.

अंबाजोगाई, शिक्षिका

धागा वाचला आणि लगेच लिहायला बसले. 'आई कुठे काय करते'. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरातली होती. आशुतोषबरोबर तिचं दुसरं लग्न झालं २०२३ ला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याला अपघातात मारून टाकलं. त्याच सुमारास मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला नेली. आम्ही नोकरीवाल्या बायका मग मोबाईलवर बघायला लागलो.

मला त्याच्या मरणाचं जे वाटलं, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत. तिशी उलटल्यावर नवरा गेला, पदरात एक मुलगा. सासू-सासऱ्यांजवळच राहतात. अरुंधतीच्या लग्नाचे भाग चालू होते तेव्हा आम्ही चौघी-पाच जणी त्यांच्याकडंच बघायचो. अरुंधतीच्या घरात वाद चालू, लोक काय म्हणतील, पोरं मोठी झालीत. वहिनींची सासू ज्वारी निवडत बसलेली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हिला लेकरं मोठी असून करायली लग्न. मग आपल्या पोरीनं करू नये व्हय?" त्यांनी सुनेला पोर म्हटलं. वहिनी तिथंच होत्या. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर ह्या विषयावर घरात उघड बोलणं सुरू झालं. केजकडचं एक स्थळ आलं, बायको वारलेला माणूस, एक मुलगी, शाळेत लिपिक. दोनदा येणं-जाणं झालं. वहिनींचा मुलगा त्या माणसाशी क्रिकेटवर बोलला, म्हणजे निम्मं काम झाल्यासारखंच होतं. आणि तेवढ्यात मालिकेत आशुतोष गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींची नणंद माहेरी आलेली. ती सगळ्यांसमोर बोलली, "बघा, दुसरं लग्न लाभतच नसतंय. देवानंच नेलं त्याला." दिरानं तेच उचललं. मालिकेमुळं स्थळ मोडलं असं मी म्हणणार नाही. दिराच्या डोक्यात जमिनीचा हिशेब होताच. वहिनींच्या नवऱ्याच्या वाट्याचं शेत आहे, त्या दुसऱ्या घरी गेल्या तर ते कुणाचं, हे त्याला सलत होतं. पण 'शेतासाठी अडवतोय' असं त्याला चारचौघांत म्हणता येत नव्हतं. मालिकेनं त्याला म्हणण्यासारखं वाक्य दिलं. केजवाल्यांनी चार महिने वाट पाहिली आणि दुसरीकडं जमवलं.

मला कसा शेवट हवा होता? अजिबात मोठा नाही. आशुतोष जिवंत, अरुंधतीचा सकाळी रियाज, त्याचा चहा गार झालेला, गॅसचा नंबर कुणी लावायचा यावर दोघांची कुरबूर. पन्नाशीतला दुसरा संसार धड चाललेला आमच्या बायकांनी टीव्हीवर एकदा तरी बघायला पाहिजे होता. लग्न होईपर्यंत दाखवतात, त्यानंतरचं साधं आयुष्य कुणी दाखवत नाही.

पूर्णाकाठ, परभणी

बाई, हे वाचून काही सुचेना. माहितीसाठी एक लिहितो, ही मालिका मूळ बंगाली 'श्रीमयी'वरून आलेली, हिंदीतली 'अनुपमा' पण त्याच मुळातली. पण ज्यांच्या घरात ती बघितली जाते त्यांच्यासाठी ती तिथलीच असते, हे तुम्ही लिहिलंय त्यावरून पटलं.

वैजापूर

बाईंच्या अनुभवाला जोडून. 'अग्गंबाई सासूबाई'त विधवा सासू आसावरी आणि अभिजित राजेंचं लग्न झालं तेव्हा माझी आई, जी सहसा मालिकेवर काही बोलत नाही, ती म्हणाली, छान झालं. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक, दोघंही किती शोभले. तिथंच थांबवायला पाहिजे होतं. २०२१ ला तीच माणसं घेऊन 'अग्गंबाई सूनबाई' काढली, सून शुभ्रा आणि मुलगा सोहम करणारे कलाकार बदलले आणि चांगला झालेला शेवट मोडून टाकला. आईनं दुसरी बघितली नाही. तिच्यासाठी गोष्ट पहिल्या मालिकेबरोबरच संपलेली आहे.

केबल ऑपरेटर, सेलू

मी लई वर्षांपासून केबलच्या धंद्यात आहे. शेवटच्या भागाच्या दिवशी दुपारपासून फोन सुरू होतात, "भाऊ, आज लाईन बंद पडू देऊ नका." लाईट गेली तर लोक महावितरणच्या आधी मला फोन करतात. एकदा शेवटच्या भागाला अर्ध्या गावाची लाईट गेली, तर शेजारच्या गल्लीतल्या बाया लाईट असलेल्या घरात येऊन बसल्या. त्या घरात त्यांचं येणं-जाणं नव्हतं, बांधावरून जुना वाद होता. तरी बसल्या. त्या घरातल्या म्हातारीनं सगळ्यांना चहा केला. मी वायर जोडायला गेलो होतो म्हणून डोळ्यांनी बघितलं.

शेवट असे का होतात यावर माझं मत लिहितो. आकडे दर गुरुवारी येतात. कोणती मालिका किती घरांत बघितली गेली, ते मीटर लावलेल्या घरांवरून काढतात. २०१५ च्या ऑक्टोबरपासून 'बार्क'नं, म्हणजे हे आकडे काढणाऱ्या संस्थेनं, खेड्यातले आकडे पण धरायला सुरुवात केली. त्यानंतर बघा, २०१६ ला 'तुझ्यात जीव रंगला', २०१७ ला 'लागिरं झालं जी'. गावाकडचे नायक-नायिका, गावाकडची भाषा. मला तरी त्याचा आणि ह्याचा संबंध वाटतो. पण रोजची मालिका लिहिताना शेवट आधी ठरलेला नसतो. आकडा चांगला तर गोष्ट ताणायची, आकडा पडला तर पंधरा दिवसांत गुंडाळायची. प्रेमाची गोष्ट ह्यात जास्त मार खाते. दोघं एकत्र आले की पुढं काय दाखवायचं? मग कुणाचा तरी अपघात, कुणाची तरी स्मरणशक्ती जाते.

आणि एक. १ फेब्रुवारी २०१९ ला चॅनल निवडून पैसे भरायचा नवा नियम आला, तेव्हा बऱ्याच घरांतले पडदे एकदम काळे झाले. माझ्याकडं पहिली मागणी बायांची आली, मराठी चॅनलची. 'तुला पाहते रे' ऐन रंगात होती. बाप्ये क्रिकेटचं चॅनल मागत आले ते दोन दिवसांनी.

जालना, जुना मोंढा

माझी मालिका 'येऊ कशी तशी मी नांदायला'. अन्विता फलटणकरची स्वीटू अंगानं भरलेली आणि मीही तशीच. जाड मुलगी टीव्हीवर असली की हसायला असते. इथं तिच्यावर ओमसारखा मुलगा प्रेम करतो आणि कुणी हसत नाही. २०२१ ची गोष्ट. त्या वर्षी मला बघायला पाहुणे येत होते. आई मोठ्या काठाची गडद साडी नेसवायची, अंग कमी दिसतं म्हणून. पोहे द्यायला मी गेले की समोरची बाई आधी माझे दंड बघायची, मग तोंड. नकार फोनवर यायचा, "मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा जास्त आहे."

आणि जुलैमध्ये लग्नाचा महाएपिसोड लागला. आम्ही सगळे बसलो होतो, बाबासुद्धा. मांडवात ओमच्या जागी स्वीटूचं लग्न मोहितशी लावून दिलं. लोक खूप चिडले, मालिका बंद करा म्हणाले. मला राग आला नाही, मला रडू आलं. पुढं ओम-स्वीटूचं जमवलं म्हणे, मी त्या दिवसापासून बघायचं सोडलं. मला त्याच मांडवात, त्याच पाहुण्यांसमोर ओमनं तिच्या गळ्यात हार घातलेला हवा होता. नंतर कधीतरी, कुणाच्या तरी उपकारानं जमलेलं नको होतं.

माझं लग्न झालं गेल्या वर्षी. साडी मी माझ्या आवडीची नेसले, पिवळी.

उदगीर

मी सगळ्यांपेक्षा उलटं लिहिणार आहे. ज्या मालिकेचा शेवट सगळ्यांना आवडला, तोच मला वेगळा हवा होता. 'जुळून येती रेशीमगाठी'. नोव्हेंबर २०१३ ला सुरू झाली. प्राजक्ता माळीची मेघना, ललित प्रभाकरचा आदित्य देसाई. मेघनाचं प्रेम आधी दुसऱ्या आदित्यवर होतं, वडिलांसाठी ती देसाईंच्या घरात लग्न करून आली आणि हळूहळू नवऱ्याच्या प्रेमात पडली. गिरीश ओक आणि सुकन्या कुलकर्णींचं ते घर बघून कुणालाही वाटावं, असं सासर मिळालं तर आणखी काय पाहिजे.

२०१४ ला मी लातूरला एम.एस्सी. करत होते. वर्गातल्या एकावर माझं प्रेम होतं. जात वेगळी. घरी कळलं आणि वैशाखात लग्न उरकायचं ठरलं. मी आठ दिवस नीट जेवले नाही. तेव्हा माझी आत्या समजवायला आली. ती वाईट बाई नाही, माझ्यावर तिचा फार जीव आहे. ती जवळ बसली आणि म्हणाली, "मेघनाचं बघूलालीस न्हवं रोज? तिचं बी झालं की सगळं नीट. तुझं बी हुईल." त्यानंतर आई तेच म्हणाली, मग मोठी वहिनी. रोज रात्री मालिका लागायची आणि मेघना हसली की घरातले माझ्याकडं बघायचे.

माझा नवरा चांगला आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल माझा संसार दुःखाचा आहे. तसा नाही. दोन मुलं आहेत, नोकरी आहे, मला मान आहे. आणि म्हणूनच मला बोलता येत नाही. बोलायला गेलं की सगळे म्हणतात, झालं ना चांगलं. पण देसाईंचं घर तसं निघालं म्हणून मेघनाचं जमलं. घर दुसरं निघालं असतं तर? माझ्याबरोबर शिकलेल्या एकीचं घर तसं निघालं नाही. ती आता माहेरी असते आणि तिच्याही लग्नाआधी तिला हेच सांगितलेलं होतं.

मला त्या मालिकेत दोघांची ताटातूट नको होती. आदित्य देसाई मलाही आवडायचा. मला एकच प्रसंग पाहिजे होता. मेघनाच्या वडिलांनी तिला समोर बसवून म्हणायला हवं होतं की तू सुखात आहेस हे तुमच्या दोघांचं कर्तृत्व आहे, माझं नाही, मी तुला विचारायला हवं होतं. तेवढं झालं असतं तर माझ्या आत्याला ती मालिका माझ्यासमोर ठेवता आली नसती.

पूर्णाकाठ, परभणी

ताई, तुम्ही घरी कधी बोललात का हे? उत्तर नाही दिलं तरी चालेल.

उदगीर

वडिलांशी नाही. नवऱ्याला सगळं माहीत आहे, लग्नाच्या आधीच मी सांगितलं होतं. हा प्रतिसाद लिहिताना तो शेजारी बसलाय. त्याचंही मत हेच आहे की वडिलांनी बोलायला पाहिजे होतं.

लातूर, हॉस्टेल

मी मूळ मुखेड तालुक्यातली, नीटच्या तयारीसाठी लातूरला होते. माझी मालिका कोरियन आहे, 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'. २०२२ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आली, सोळा भाग. आम्ही रूममधल्या तिघी एका मोबाईलवर बघायचो, खाली सबटायटल. रविवारी टेस्ट झाली की एक भाग. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि आवाज बारीक, वॉर्डन मॅडमला ऐकू जाऊ नये म्हणून.

गोष्ट १९९८ पासून सुरू होते. कोरियात मोठं आर्थिक संकट आलेलं, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या. ना ही-डो तलवारबाजी करते आणि पैसे नाहीत म्हणून तिच्या शाळेचा संघच बंद होतो. बेक यि-जिनचा बाप श्रीमंत असतो, तो बुडतो आणि देणेकरी दारात येतात. यि-जिन त्यांच्यासमोर मान खाली घालून सांगतो की मी कधीच सुखी होणार नाही. हा भाग बघितला त्या रात्री मी झोपले नाही. माझ्या पप्पांचं कृषी सेवा केंद्र होतं. बी-बियाणं, खत उधारीवर द्यायचे, सोयाबीन आलं की लोक पैसे आणून द्यायचे. दोन वर्षं सोयाबीन पावसात भिजलं. लोकांनी पप्पांना दिले नाहीत आणि पप्पांना वरच्या डीलरचे द्यायचे होते. माणसं घरी येऊन बसायची. ओरडायची नाहीत, नुसती बसायची. मी त्यांना पाणी द्यायचे. कोरियातल्या मुलाला हे सगळं माहीत आहे असं वाटलं.

शेवटी ते दोघं वेगळे होतात. २००१ ला अमेरिकेत ११ सप्टेंबरचा हल्ला होतो, तो वार्ताहर म्हणून न्यूयॉर्कला जातो, तिथली मरणं बघून आतून बदलतो आणि दोघांमधलं बोलणं तुटत जातं. ही-डोच्या मुलीचं आडनाव किम आहे हे पहिल्यापासून दिसत असतं, म्हणजे बाप बेक नाही. तरी आम्ही तिघी प्रत्येक रविवारी नवा तर्क लढवायचो. आडनाव बदललं असेल, दत्तक घेतली असेल.

मला त्यांचं लग्नच पाहिजे होतं असं नाही. वेगळे होऊ द्या. पण ज्या मुलानं मी सुखी होणार नाही असं कबूल केलेलं, त्याला कुणीतरी त्या शब्दातून सोडवायला हवं होतं. ही-डो त्याला म्हणते की आपण दोघं असू तेव्हा तरी सुखी राहू, ते सुरुवातीला. शेवटी तो किती सुखी आहे ते नीट कळतच नाही. बोगद्यातला त्यांचा खरा निरोपही ती मनातल्या मनातच घेते. मला तो समोरासमोर पाहिजे होता, सगळं बोलून.

माझा नंबर बीएएमएसला लागला. पप्पांनी दुकान विकलं, आता दुसऱ्याच्या दुकानात हिशेब बघतात. ही मालिका मी त्यांना सांगितली, बसमध्ये, सगळी. त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या बापाचं पुढं काय झालं?"

रोशन गेट, संभाजीनगर

आमच्या घरी २०१४ च्या जूनमध्ये पाकिस्तानी मालिका दाखवणारं 'जिंदगी' चॅनल आलं आणि अम्मीनं बाकी सगळं बघणं बंद केलं. 'जिंदगी गुलजार है' तिची सर्वांत आवडती. काशफच्या बापानं मुलगा नाही म्हणून दुसरं लग्न केलेलं, आई शाळेत शिकवून तीन मुलींना वाढवते, काशफ शिकून मोठी सरकारी अधिकारी होते. आम्हीही बहिणी-बहिणीच, म्हणून अम्मी प्रत्येक भाग आम्हाला शेजारी बसवून बघायची. सव्वीस भाग, रोज लागायचे. बघता बघता संपली तेव्हा ती म्हणाली, "इत्ती जल्दी खतम कर दिए?"

शेवट गोड आहे, काशफ आणि तिचा नवरा झारून यांचा समेट होतो. झारून करणारा फवाद खान सगळ्यांना आवडायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण अम्मीला शेवटच्या दृश्यात काशफ तिच्या ऑफिसात बसलेली बघायची होती. तिचं म्हणणं, एवढी शिकली, एवढी परीक्षा पास झाली, तर शेवट घरातच का? माझ्या धाकट्या बहिणीनं त्याच वर्षी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली. २०१६ ला उरीच्या हल्ल्यानंतर त्या चॅनलवरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. बहीण आता शासकीय नोकरीत आहे. तिच्या टेबलाचा फोटो अम्मीच्या मोबाईलवर आहे आणि घरी आलेल्या प्रत्येकाला तो बघावा लागतो.

हिंगोलीचा नातू

आज्जीच्या वतीनं लिहितो. 'तुझ्यात जीव रंगला' २ जानेवारी २०२१ ला संपली तेव्हा ती नाराज होती, पुढचं दाखवत नाहीत म्हणून. राणादा आणि पाठकबाई म्हातारे होईपर्यंत तिला बघायचे होते. २ डिसेंबर २०२२ ला ह्या दोन भूमिका करणाऱ्या हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी खरंच लग्न केलं. मी तिला मोबाईलवर फोटो दाखवले. तिनं प्रत्येक फोटो मोठा करायला लावला, मुंडावळ्या बघितल्या, हिरवा चुडा बघितला आणि म्हणाली, "हां, आता झालं माय." तिला तिचा शेवट मिळाला. धाग्यात एक तरी असा असावा म्हणून लिहिलं.

कोयत्याची लेक, बीड जिल्हा

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि ती दोघं कारखान्याच्या फडावर. परत यायला मार्च-एप्रिल. मी आज्जीजवळ राहून शिकले. त्यामुळं आईनं कोणतीच मालिका सलग बघितलेली नाही. सहा महिने बघायची, सहा महिने फोनवर ऐकायची.

तिची मालिका 'माझ्या नवऱ्याची बायको'. २०१६ पासून. अनिता दातेची राधिका, नवरा शनायाच्या नादी लागलेला, आणि ही मसाल्याचा धंदा काढून तीनशे कोटींची कंपनी उभी करते. आईला बाकी कुणाशी देणंघेणं नव्हतं, तिला मसाला आवडायचा. आमच्या घरी येसर मसाला आईच करते, धने-खोबरं भाजल्याचा वास पार वेशीपर्यंत जातो. ती म्हणायची, आपण फडावर न जाता हे इकलं तर? मुकादमाची उचल फिटली की करू, असं दर वर्षी ठरायचं.

मालिका संपली ७ मार्च २०२१ ला. आई तेव्हा फडावर. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, टीव्ही कुठला? पहाटे तीनला उठून तोडायला जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. त्या रात्री तिनं फोन केला, रेंज येत नव्हती म्हणून उसाच्या गाडीवर चढून. "राधिकाचं काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. राधिकानं सौमित्रशी लग्न केलेलं तिला आधीच माहीत होतं आणि ते तिला पटलेलं नव्हतं. आईचं म्हणणं, बाई एवढी कमवायला लागली, दहा जणींना कामाला लावलं, मग तिला परत कुणाची तरी बायको कशाला केली? तिला शेवटी राधिका एकटी, आपल्या कंपनीच्या दारात उभी हवी होती. सौमित्र चांगला माणूस, त्यानं मित्रासारखं शेजारी राहावं.

ती पुढच्या वर्षी परत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी नाही गेली. आता आठवडी बाजारात येसर आणि काळा मसाला विकते, वडील एकटे गाडीवर मजुरीला जातात.

अंबाजोगाई, शिक्षिका

बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. पण मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं नाही, तेही सांग. राधिकानं लग्न केलं म्हणून तिची कंपनी गेली नाही. बाईनं कमवावं आणि तिला सोबतही मिळावी, यात काय चुकलं? आमच्या वहिनी आता बालवाडीत शिकवतात, चार पैसे स्वतःचे आहेत. तरी संध्याकाळी मुलगा खेळायला गेला की घर खायला उठतं असं मला म्हणतात.

कोयत्याची लेक, बीड जिल्हा

मॅडम, आईला वाचून दाखवलं. वहिनींचं पण दाखवलं, ते दोनदा वाचायला लावलं. राधिकाच्या बाबतीत ती ऐकायला तयार नाही. पण वहिनींसाठी तिनं सांगितलंय ते तसंच लिहिते. "त्या बाईला म्हणावं, स्थळ बघायचं तर जरूर बघा. पण आधी तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर तिचं आन् लेकराचं नाव लावून घ्या. मग दीर काय बी बोलू द्या."

अंबाजोगाई, शिक्षिका

सोमवारी शाळा सुटल्यावर मी वहिनींना घेऊन तलाठी कार्यालयात जाते.